इंधनदर्शक, मोटारवाहनातील

मोटारवाहनाच्या टाकीत किती इंधन शिल्लक आहे, ते चालकाला आसनावरूनच दाखविणारे उपकरण. बोलीभाषेत त्याला ‘पेट्रोलचा काटा’ किंवा ‘डिझेलचा काटा’ म्हणतात. वेगदर्शक, तेलदाबदर्शक, तापदर्शक इ. जी उपकरणे चालकासमोरील फलकावर असतात, त्यांत रचनेच्या दृष्टीने हे सर्वांत साधे व विश्वासाच्या दृष्टीने सर्वांत डावे ठरलेले आहे. तापदर्शकाचा काटा वर चढला, तर जुन्या गाडीचा चालक गाडी थांबवितो. इंधनदर्शकाचा काटा खाली उतरला, तर मात्र तो पुष्कळदा टाकीचे झाकण काढून आत काठी बुडवून पाहतो. काटा आला तरी काठी गेली नाही, हे या उपकरणाच्या इतिहासाचे वैशिष्ट्य होय. अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) जिल्ह्यातील मोटारवाहतुकीच्या जवळजवळ सर्व अवस्थांत ते पाहावयास मिळते.

सु. १७,००० चौ. किमी. क्षेत्रफळाचा हा जिल्हा महाराष्ट्रात सर्वांत मोठा असून त्याचा बहुतेक भाग पर्जन्यच्छायेत येतो. उत्तरेकडे प्रवरा व गोदावरी यांच्या कालव्यांखालील ऊसपट्टा, पश्चिमेस अकोले तालुक्यातील सह्याद्रीचा डोंगराळ मुलूख आणि दक्षिणेस व पूर्वेस पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी हे कमी पावसाचे तालुके, अशी त्याची साधारण विभागणी आहे. गावागावांतील अंतरे मोठी आहेत. शहरापासून पुणे सु. १२० किमी. असून छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) जवळजवळ तितकेच दूर आहे. त्या रस्त्यावर इमामपूरचा आणि पुणे–नाशिक रस्त्यावर संगमनेरच्या अलीकडे चंदनापुरीचा घाट लागतो. कांदा, टोमॅटो, दूध, चारा यांची ने-आण करणाऱ्या लहान मालवाहू गाड्या (पिकअप) या रस्त्यांवर रात्री-अपरात्री धावतात आणि त्यांतील अनेक वीस-वीस वर्षे वापरात राहतात. अशा गाडीचा काटा खोटे बोलू लागला, तर त्याची किंमत गाडीच्या मालकाला व मालाच्या धन्याला, दोघांनाही मोजावी लागते. पेट्रोलवर चालणारी गाडी इंधन संपून थांबली, तर डबाभर पेट्रोल आणून ती बहुधा पुन्हा सुरू करता येते. डिझेल गाडीत मात्र टाकी कोरडी पडली की नळ्यांत, गाळणीत व अंतःक्षेपण पंपात हवा शिरते आणि नुसते डिझेल ओतून एंजिन चालू होत नाही. गाळणीवरचा व पंपावरचा स्क्रू सैल करून, हातपंप मारून, फेस जाऊन अखंड धार येईपर्यंत ती हवा काढावी लागते. शिवाय टाकीच्या तळाशी साचलेला गाळ व पाणी अखेरच्या थेंबांबरोबर ओढले जाऊन गाळणी तुंबते, ते वेगळेच. घाटात अंधारात हे काम करावे लागलेला चालक पुढे काट्यावर क्वचितच विसंबतो.

इतिहास : आरंभीच्या मोटारगाड्यांना इंधनदर्शक नव्हता. पंपाची सोय सर्वत्र होण्यापूर्वी पेट्रोल डब्यांतून विकले जाई आणि किती डबे ओतले व किती मैल गाडी चालली, या हिशेबावरच चालकाची भिस्त असे. १९०८ ते १९२७ या काळात लक्षावधींच्या संख्येने निघालेल्या फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल टी’ गाडीची टाकी बहुतेक वर्षे चालकाच्या आसनाखाली होती. पेट्रोल पाहावयाचे, तर खाली उतरून, आसनाची गादी उचलून, झाकण काढून खुणा केलेली काठी आत बुडवावी लागे. या गाडीत पंप नव्हता. पेट्रोल स्वतःच्या वजनानेच कार्ब्युरेटरकडे उतरे. त्यामुळे टाकी अर्धीअधिक रिकामी असताना मोठा चढ आला, की एंजिनाला पेट्रोल पोहोचेनासे होई आणि चालक गाडी उलटी वळवून मागच्या बाजूने चढ चढवीत. काठीने मोजलेले पेट्रोल ‘आहे’ आणि एंजिनाला मिळणारे पेट्रोल ‘नाही’, असा प्रकार तेव्हापासूनचा आहे. काट्याने टाकीतील पातळी बरोबर दाखविली तरी ते सगळे इंधन उपयोगी पडेलच असे नाही, ही गोष्ट दोष शोधतानाही ध्यानात ठेवावी लागते.

त्यानंतरच्या ‘मॉडेल ए’ या गाडीत टाकी एंजिनामागील पत्र्याच्या भिंतीला लागून होती व तिच्यातील बुचाच्या तरंडाशी जोडलेली खुणांची चकती फलकातील काचेतून थेट दिसे. पुढे अपघात व आग यांच्या भयाने टाकी मागे गेली आणि पातळीची वार्ता दूरवर पोहोचविण्याचा प्रश्न निर्माण झाला. १९३० च्या सुमारास काही गाड्यांत यासाठी द्रवस्तंभाची युक्ती वापरण्यात आली. टाकीच्या तळापासून निघालेल्या बारीक नळीतील हवेचा दाब इंधनाच्या उंचीप्रमाणे बदले आणि फलकावरील काचेच्या नळीत तांबडा जड द्रव त्याप्रमाणे वर-खाली होई. ही योजना बुद्धिमान होती. पण नळीला केसाएवढे छिद्र पडले, तरी ती निकामी होई. विजेवर चालणारा दर्शक स्वस्त व टिकाऊ ठरल्याने १९४० पूर्वीच द्रवस्तंभाचा वापर मागे पडला.

दुसऱ्या महायुद्धाने भारतात इंधनाच्या हिशेबाला निराळेच वळण लावले. १९४१ पासून पेट्रोलचे नियंत्रित वाटप सुरू झाले आणि अनेक बसगाड्यांवर लाकडी कोळशापासून वायू तयार करणाऱ्या भट्ट्या बसविण्यात आल्या. अशा गाडीत काट्याला फारसे काम उरत नसे. कोळशाची पोती मोजली म्हणजे झाले. स्वातंत्र्यानंतर १ जून १९४८ रोजी तत्कालीन मुंबई प्रांताच्या सरकारी परिवहन सेवेची पहिली बस पुणे व अहमदनगर या दोन शहरांदरम्यान धावली. राज्य परिवहन सेवेने इंधनाची नोंद चालकाच्या नजरेवर सोपविली नाही. आगारात भरलेले डिझेल आणि धावलेले अंतर यांवरून दर दहा लिटरमागे किती किलोमीटर पडले, हे प्रमाण काढण्याची पद्धत तेथे रूढ झाली. गाडीनिहाय व चालकनिहाय ठेवल्या जाणाऱ्या या हिशेबात फलकावरील काट्याला स्थान नाही.

लष्करी व्यवहारातही हीच दृष्टी दिसते. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळापासून हे शहर यांत्रिक सैन्याचे शिक्षणकेंद्र आहे. चिलखती दलाचे केंद्र व विद्यालय येथेच असून त्याच्या परिसरातील रणगाडा संग्रहालय १९९४ मध्ये सुरू झाले. चकलाला (आता पाकिस्तानात) येथे सुरू झालेली वाहन-तपासणीची संस्था फाळणीच्या वेळी अहमदनगरला आली आणि तीतूनच संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था उभी राहिली. वाहन बाहेर काढण्यापूर्वी, वाटेतल्या थांब्यावर व परतल्यावर तेल, पाणी, इंधन प्रत्यक्ष पाहावयाचे आणि परतल्यावर टाकी भरूनच वाहन उभे करावयाचे, असा सैन्यातील शिरस्ता आहे. भरलेल्या टाकीत हवेला जागा कमी उरत असल्याने बाष्प गोठून पाणी साचत नाही व आतून गंजही कमी चढतो. म्हणजे अविश्वासातून आलेली ही शिस्त खुद्द इंधनदर्शकालाही दीर्घायुष्य देते.

महायुद्धानंतर लष्कराने मोडीत काढलेल्या जीपगाड्या व ट्रक देशभर लिलावांतून नागरी वापरात आले. १९४०–५० या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत माझगाव येथे विलीस जीपच्या जुळणीस प्रारंभ केला. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले गाळप १९५०-५१ च्या हंगामात झाले. त्यानंतर जिल्ह्यात सहकारी कारखाने वाढत गेले, तसे जीप, ट्रॅक्टर व ट्रक हे ग्रामीण जीवनाचे नित्याचे घटक बनले. पुढे निघालेल्या लहान मालवाहू गाड्यांचे मूळ या जीपमध्येच शोधावे लागते. युद्धकालीन जीपची सु. ५७ लि.ची टाकी ‘मॉडेल टी’प्रमाणे चालकाच्या आसनाखालीच होती आणि भारतात दीर्घकाळ निघालेल्या नागरी जीपमध्येही ती तेथेच राहिली. गादी उचलली की टाकीचे तोंड व दर्शकाचा टाकीतील भाग, दोन्ही हाताशी येत. काठी घालून पाहण्याची सवय जीपवाल्यांत इतकी का टिकली, याचे उत्तर या सोयीत आहे. मोपेड व स्कूटर यांवर तर काटाच नसे. १९७२ पासून या शहरात निर्माण होऊ लागलेली ‘लूना’ ही मोपेड त्याचे घरचेच उदाहरण होय. टाकी हलवून आवाज ऐकणे किंवा झाकण काढून आत डोकावणे, हीच तिच्या स्वाराची इंधनमापनाची रीत होती.

रचना व कार्य : विजेच्या इंधनदर्शकाचे दोन भाग असतात. टाकीतील भागास प्रेषक म्हणता येईल. त्यात एका दांडीच्या टोकाला पितळी पोकळ डबी, बूच किंवा सच्छिद्र रबराचा ठोकळा यांपैकी एखादा तरंड (फ्लोट) असतो. इंधनाबरोबर तो वर-खाली होतो आणि दांडीच्या दुसऱ्या टोकाची पत्ती रोधक तारेच्या वेटोळ्यावरून सरकते. त्यामुळे मंडलातील विद्युत् रोध बदलतो. दुसरा भाग म्हणजे फलकावरील काटा. किल्ली फिरविली की विद्युत् घटमालेकडून (बॅटरीकडून) येणारा प्रवाह काट्यातून तारेने प्रेषकाकडे जातो आणि तेथून टाकी व सांगाडा (चासी) यांमार्गे परत येतो. परतीच्या मार्गाला वेगळी तार नसते; गाडीचे लोखंड हीच ती तार. हे एक वाक्य नीट समजले, तर पुढील निम्मे दोष सापडतात.

काट्याचे दोन प्रकार रूढ आहेत. एकात द्विधातूच्या पट्टीभोवती तापणारी तार गुंडाळलेली असते. प्रवाह वाढला की पट्टी तापून वाकते व काटा सरकतो. या काट्याची चाल संथ असते. किल्ली फिरविल्यावर तो सावकाश वर चढतो आणि खड्ड्यांमुळे टाकीतील इंधन हिंदकळले, तरी तो डुलत नाही. मात्र पट्टीचे तापणे व्होल्टतेवर अवलंबून असल्याने त्याला स्थिर व्होल्टता पुरविणारा लहानसा नियामक जोडावा लागतो. अमेरिकी गाड्यांत तो सरासरी ५ व ब्रिटिश गाड्यांत सरासरी १० व्होल्ट देई. दुसऱ्या प्रकारात दोन विद्युत् चुंबकीय वेटोळी काट्याला आपापल्या दिशेने ओढतात आणि त्यांच्या ओढींच्या गुणोत्तरावर काट्याची जागा ठरते. व्होल्टता थोडी कमी-अधिक झाल्याने त्याचे फारसे बिघडत नाही. हा काटा किल्ली फिरविताच उडी मारून जागेवर येतो. फलक न उघडताही केवळ या चालीवरून काट्याची जात ओळखता येते.

प्रेषकाचा रोध किती असावा याविषयी निर्मात्यांत कधीच एकवाक्यता नव्हती. फोर्ड पद्धतीत टाकी रिकामी असताना सु. ७३ ओहम आणि भरलेली असताना सु. १० ओहम रोध असे. जनरल मोटर्सच्या जुन्या गाड्यांत रिकाम्या टाकीला शून्य व भरलेल्या टाकीला ३० ओहम हे प्रमाण होते. १९६५ पासून वरची मर्यादा ९० करण्यात आली. जर्मन धर्तीच्या उपकरणांत ते १० पासून १८० ओहमपर्यंत चढत जाते, तर ब्रिटिश उपकरणांत भरलेल्या टाकीचा रोध कमी व रिकाम्या टाकीचा दोनशेच्या वर असे. म्हणजे आकडे तर वेगळेच, पण दिशाही उलट. भारतातील वाहननिर्मिती अमेरिकी, ब्रिटिश, जर्मन, इटालियन अशा निरनिराळ्या सहकार्यांतून वाढली. १९५४ मध्ये जर्मन सहकार्याने टाटांचे ट्रक निघू लागले. त्यामुळे एकाच तालुक्याच्या गावातील एकाच गॅरेजात या सर्व परंपरांची उपकरणे दुरुस्तीला येत. पुढे कोईमतूर व अन्यत्र देशी उपकरणे तयार होऊ लागल्यावर सुटे भाग स्वस्त झाले, पण मूळच्या परंपरांतील भेद मिटले नाहीत.

जुन्या मालवाहू गाडीच्या काट्याचे कोडे येथे उलगडते. प्रेषक आणि काटा ही जोडी आहे. वीस-तीस वर्षांच्या वापरात कधी काटा बदलला जातो, कधी प्रेषक. कधी मोडीतल्या दुसऱ्या गाडीची टाकीच येऊन बसते. पेट्रोल एंजिन काढून डिझेल एंजिन बसविले जाते. सहा व्होल्टची यंत्रणा बारा व्होल्टची होते. प्रत्येक भाग आपल्या जागी निर्दोष असतो, पण त्यांची भाषा जुळत नाही. फोर्ड पद्धतीच्या काट्याला जर्मन धर्तीचा प्रेषक जोडला, तर टाकी रिकामी होताच रोध १० ओहमवर येतो आणि काटा ‘पूर्ण’ दाखवितो. टाकी अर्धी भरलेली असेल, तर तोच काटा ‘रिकामी’ दाखवील. असा काटा बिघडलेला आहे असे समजून तो पुन्हा बदलला जातो आणि दोष कायम राहतो. नव्या गाडीतील दोष हा तुटलेल्या भागाचा असतो. जुन्या गाडीत तो पुष्कळदा तुटलेल्या जोडीचा असतो. गाडीच्या मागील दुरुस्त्यांची विचारपूस म्हणूनच मापकयंत्र हाती घेण्याआधी करावी. अनुभवी मिस्त्री ती करतात. घाईचे गिऱ्हाईक तिला वेळकाढूपणा समजते.

दोषशोधन : प्रथम टाकीत खरोखर किती इंधन आहे ते स्वच्छ, कोरड्या काठीने पाहावे, कारण काट्याची पारख करण्यास दुसरे प्रमाण नाही. मग फलकावरील इतर उपकरणांकडे पाहावे. इंधनदर्शक व तापदर्शक दोन्ही एकाच वेळी व एकाच बाजूला चुकत असतील, तर दोष टाकीत नसून दोघांना सामाईक असलेल्या व्होल्टता नियामकात अथवा त्याच्या सांगाड्याशी असलेल्या जोडणीत असतो. दोन्ही निपचित असतील, तर वितळतार (फ्यूज) पाहावी. एकटा इंधनदर्शकच चुकत असेल, तर मंडलाचे दोन तुकडे करून कोणता तुकडा दोषी ते ठरवावे लागते.

त्यासाठी प्रेषकाकडे जाणारी तार सोडवितात व किल्ली फिरवून काटा पाहतात. नंतर तीच तार सांगाड्याला क्षणभर टेकवून पुन्हा पाहतात. भरलेल्या टाकीला कमी रोध असलेल्या पद्धतीत तार मोकळी असता काटा ‘रिकामी’कडे आणि टेकविली असता ‘पूर्ण’कडे गेला पाहिजे, उलट पद्धतीत याच्या उलट. काटा दोन्ही टोके गाठत असेल, तर फलक व तार निर्दोष असून दोष टाकीकडे आहे. तो गाठत नसेल, तर टाकी उघडण्याचे कारणच नाही. तार नुसती टेकविण्याऐवजी त्या पद्धतीच्या मर्यादेइतके रोधक मध्ये घालून पाहणे अधिक चांगले. तसे केल्याने काट्याला धोका पोहोचत नाही आणि जोडी जुळते की नाही, तेही त्याच वेळी कळते. द्विधातू काट्याला उत्तर देण्यास अर्धे मिनिट तरी द्यावे लागते. तेवढा धीर नसल्याने चांगले काटे बाद ठरविले गेले आहेत. पेट्रोल गाडीत ही परीक्षा उघड्या टाकीच्या तोंडाशी कधीही करू नये. तार टेकविताना पडणारी ठिणगी आणि पेट्रोलची वाफ यांची गाठ पडू नये म्हणून ती शक्यतो तारेच्या फलकाकडील टोकाशी करावी आणि टाकी उघडण्यापूर्वी विद्युत् घटमालेची जोडणी काढावी.

दोष टाकीकडे आहे असे ठरल्यावरही प्रेषक लगेच काढण्याची गरज नसते. परतीचा मार्ग आधी पाहावा. टाकी रबराच्या पट्ट्यांवर बसविलेली असते, तिच्यावर रंगाचे थर चढलेले असतात, स्क्रूंखाली गंज असतो. शेणखत, मीठ किंवा ओला भाजीपाला वाहणाऱ्या गाडीत तर तो लवकर चढतो. प्रेषकाची चकती व सांगाडा यांना एका उघड्या तारेने जोडून पाहिले आणि काटा ताळ्यावर आला, तर तीच तार कायमची बसविणे एवढीच दुरुस्ती असते. जुन्या गाड्यांत हा दोष फार आढळतो आणि तो सर्वांत स्वस्तात जातो.

त्यानेही भागले नाही, तर प्रेषक बाहेर काढून दांडी हाताने वर-खाली करीत रोध मोजतात. रोध एकसारखा बदलला पाहिजे. मध्येच तो तुटत असेल, तर त्या ठिकाणी तारेचे वेटोळे झिजलेले असते. ही झीज सर्वत्र सारखी नसते. पत्ती जिथे सर्वाधिक घासते तिथे ती होते, आणि रोजच्या कमाईतून शे-दोनशे रुपयांचे डिझेल भरून चालविलेल्या गाडीत पत्ती वर्षानुवर्षे खालच्या टोकाशीच फिरत राहते. नेमके जेव्हा काट्याची सर्वाधिक गरज असते त्या भागातच तो अशा गाडीत आधी निकामी होतो. पितळी तरंडाचा डाक सुटून आत इंधन शिरले, तर तो बुडतो व काटा कायम खाली राहतो. डबी कानाशी धरून हलविली तर आतला आवाज ऐकू येतो. गरम पाण्यात बुडविली तर छिद्रातून बुडबुडे येतात.

काही वेळा सर्व भाग व सर्व जोडण्या निर्दोष असूनही काटा चुकतो. कारण टाकीचा आकार. जुन्या ट्रकची टाकी आडव्या नळकांड्याची असे. अशा टाकीत व्यासाच्या चौथाई उंचीपर्यंत इंधन असले, तर ते एकूण घनफळाच्या चौथाई नसून सु. १९.५ टक्केच असते. पेट्रोलपंपावर जमिनीखालील आडव्या टाकीत मोजकाठी (डिप) घातल्यावर तिच्यावरील सेंटिमीटरांचे लिटर करण्यासाठी कोष्टक वापरावे लागते, त्याचे कारण हेच. स्थानिक पत्रेकाम करून घेतलेली टाकी मूळ टाकीपेक्षा खोल असेल, तर दांडी तळापर्यंत पोहोचत नाही आणि काटा ‘रिकामी’ दाखवीत असतानाही बरेच डिझेल शिल्लक राहते. टाकी उथळ असेल, तर तरंड तळावर टेकूनही काटा थोडे इंधन दाखवीतच राहतो. धोका या दुसऱ्या प्रकारात आहे. दांडी वाकवून हे जमवून घेता येते. त्यासाठी सपाट जागी गाडी उभी करून टाकी रिकामी करावी, पाच-पाच लिटर मोजून ओतावे, दर वेळी काठीवर खूण करावी व काट्याची जागा लिहून ठेवावी. एका दुपारचे हे काम आहे. त्यानंतर काटा थोडा चुकला, तरी तो किती चुकतो हे माहीत असते आणि खुणा केलेली काठीही तयार होते.

अलीकडील गाड्यांत प्रेषकाचा संदेश थेट काट्याकडे न जाता इलेक्ट्रॉनीय नियंत्रकाकडे जातो. तो काही काळाची सरासरी काढून काटा किंवा अंक दाखवितो. त्यात तार सांगाड्याला टेकवून पाहण्याची वरील रीत वापरू नये. तिने नियंत्रक निकामी होण्याचा संभव असतो.

पेट्रोलच्या जुन्या जीपपुढे मात्र एक नवी अडचण उभी आहे आणि तिचा उगम जिल्ह्याच्याच साखर उद्योगात आहे. उसाच्या मळीपासून मिळणारे अल्कोहॉल इंधन म्हणून वापरण्याचा विचार जुना आहे. भारतात त्यासाठी १९४८ मध्येच स्वतंत्र कायदा झाला होता. २००१ मध्ये मिरज व मनमाड येथे मिश्र पेट्रोलचे प्रायोगिक प्रकल्प सुरू झाले. २००३ मध्ये पाच टक्के एथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम हाती घेण्यात आला, तर २०२३ पासून वीस टक्के मिश्रणाची विक्री सुरू झाली. एथेनॉल पाणी शोषून घेते. पाण्याचे प्रमाण वाढल्यास ते पेट्रोलपासून अलग होऊन तळाशी बसते व पत्र्याची टाकी आतून गंजविते. जुन्या बुचाच्या तरंडांवर लाखेचा लेप दिलेला असे. लाख पेट्रोलमध्ये विरघळत नाही, पण अल्कोहॉलमध्ये विरघळते. लेप गेलेले बूच इंधन शोषून जड होते आणि काटा दिवसेंदिवस खाली दाखवू लागतो; सुटलेली लाख गाळणीत व कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत जाऊन बसते. अशा गाडीत बुचाचा तरंड काढून पितळी किंवा एथेनॉलला टिकणाऱ्या प्लॅस्टिकचा बसवितात आणि त्याचे वजन वेगळे असल्याने दांडीची उंची काठीशी ताडून पुन्हा जुळवून घेतात. डिझेलवर चालणाऱ्या मालवाहू गाड्यांना हा त्रास नाही.